बेंगळुरूचा राजवाडा आणि त्याचे साडेचारशे एकर

बेंगळुरूचा राजवाडा शहराच्या ऐन मध्यावर, वसंतनगर आणि सदाशिवनगर यांच्या मधल्या विस्तीर्ण आवारात उभा आहे. चौकोनी मनोरे, त्यांच्या माथ्यावर चर्या, कोपऱ्यांना सडपातळ बुरूज, कमानदार खिडक्या आणि दर्शनी भिंतींवर चढलेले वेल अशी त्याची ठेवण आहे. म्हैसूरच्या वडियार राजांचा हा बेंगळुरूमधला वाडा. त्याचे बांधकाम सुमारे ४५,००० चौरस फुटांचे, म्हणजे जेमतेम एका एकराचे. त्याभोवतीचे आवार मात्र ४५४ एकरांचे म्हणून ओळखले जाते. पाहुणा येतो तो वाडा पाहायला, पण या जागेचा खरा इतिहास घडला तो आवारात.

वाड्याची शैली ट्यूडर म्हणून ओळखली जाते. १४८५ ते १६०३ या काळात इंग्लंडवर ट्यूडर घराण्याचे राज्य होते आणि युरोपात प्रबोधनकाळ भरात होता. तोफा आल्यावर जुन्या दगडी गढ्यांचा लढाईतला उपयोग संपत चालला होता. तरी राजे आणि सरदार आपल्या नव्या निवासांना बुरूज आणि चर्या ठेवतच होते, कारण सत्तेचा डौल त्या आकारांशी जोडलेला होता. फ्रान्समध्ये पहिल्या फ्रान्सिस राजाने १५१९ साली सुरू केलेला शाँबोरचा वाडा हे याचे सर्वांत भव्य उदाहरण. तो मुळात शिकारीचा तळ. राजाने सबंध कारकिर्दीत तिथे काही आठवडेच मुक्काम केला, पण वाड्याभोवती ५,४४० हेक्टरांचे रान राखले गेले आणि त्याला सुमारे ३२ किलोमीटर लांबीची भिंत घातली गेली. ती भिंत आजही उभी आहे. १९३० पासून वाडा आणि रान दोन्ही फ्रेंच सरकारच्या मालकीचे आहेत.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये या जुन्या शैलींची पुन्हा लाट आली आणि ती साम्राज्याबरोबर हिंदुस्थानात पोहोचली. बेंगळुरूचा वाडा विंडसर कॅसलची प्रतिकृती आहे असे सर्रास सांगितले जाते. दोन्हींकडे मनोरे आणि चर्या आहेत एवढेच साम्य आहे. विंडसर हा शतकानुशतके वाढत गेलेला खरा किल्ला. बेंगळुरूची वास्तू म्हणजे किल्ल्याचे रूप घेतलेले निवासस्थान. तिच्या चर्यांआड कधीही बंदूकधारी उभा राहिला नाही. शहराचा खरा किल्ला दक्षिणेला, जुन्या पेठेला लागून आहे, आणि वडियारांच्या हाती हे शहर आले ती हकीकत तिथूनच सुरू होते. त्या हकीकतीचा मधला भाग मराठी आहे.

केंपेगौडाने १५३७ साली वसवलेले बेंगळुरू १६३८ साली विजापूरकरांनी घेतले. या मोहिमेचा सरदार रणदुल्लाखान होता आणि त्याच्या हाताखाली शहाजीराजे भोसले होते. बेंगळुरू शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले आणि पुढची पंचवीस वर्षे त्यांच्या कर्नाटकातल्या कारभाराचे केंद्र राहिले. पेठेतल्या गौरीमहालात त्यांचे वास्तव्य होते असे परंपरेने सांगितले जाते. तो महाल आता उरलेला नाही. जिजाबाई आणि बाल शिवाजी काही काळ इथे येऊन राहिले आणि पुण्याला परतले. शहाजीराजांच्या दरबारात अनेक भाषांच्या कवींना आश्रय होता. जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबाराचे वर्णन केले आहे. १६६४ साली चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी तिथेच आहे.

त्यांच्यामागे बेंगळुरू त्यांचे पुत्र एकोजीराजे यांच्याकडे आले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाला एकोजींनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. आजच्या राजवाड्याच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर हे देऊळ आहे, आणि तेव्हा या सगळ्या भागात रानच होते. पुढे एकोजींनी तंजावरचे राज्य मिळवले आणि दूरच्या बेंगळुरूचा सांभाळ त्यांना जड होऊ लागला. त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाख रुपयांना विकायचे ठरवले. व्यवहार पुरा होण्याआधीच, जुलै १६८७ मध्ये, मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि त्याच किमतीला ते चिक्कदेवराजांच्या हवाली केले. वडियारांना बेंगळुरू मिळाले ते असे पैसे मोजून, आणि पुढे राजवाड्याची जागाही त्यांच्याकडे खरेदीनेच आली.

मधल्या काळात हैदर आणि टिपू आले. १७९१ साली कॉर्नवॉलिसने बेंगळुरूचा किल्ला जिंकला. १७९९ साली टिपू पडल्यावर इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराज वडियारांना म्हैसूरच्या गादीवर बसवले. १८०९ पासून बेंगळुरूच्या पूर्वेला लष्करी छावणी उभी राहिली. १८३० च्या सुमारास म्हैसूर राज्याच्या नगर भागात शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. त्याचे निमित्त करून गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३१ साली राज्याचा कारभार कंपनीकडे घेतला. राजा म्हैसूरला नावापुरता उरला आणि राज्य बेंगळुरूहून चालू लागले. मार्क कबन हा १८३४ पासून १८६१ पर्यंत कमिशनर होता. त्याने बांधलेले निवासस्थान आज कर्नाटकाचे राजभवन आहे. म्हैसूरच्या राजघराण्याला बेंगळुरूत स्वतःचे घर का लागले, याचे उत्तर या पन्नास वर्षांच्या कमिशनर राजवटीत आहे. अधिकार जिथे असेल तिथे राजाला राहावे लागते.

कृष्णराजांना औरस मुलगा नव्हता. १८६५ साली त्यांनी चामराजेंद्र यांना दत्तक घेतले. इंग्रज सरकार आधी हे दत्तक मानायला तयार नव्हते आणि संस्थान खालसा होण्याचा धोका खरा होता. साताऱ्याचे राज्य याच कारणावरून १८४८ साली गेले होते. म्हैसूरच्या बाबतीत मात्र १८५७ नंतरचे बदललेले धोरण कामी आले आणि १८६७ साली लंडनहून दत्तकाला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी कृष्णराज वारले आणि पाच वर्षांचे चामराजेंद्र गादीवर आले. ते सज्ञान होईपर्यंत त्यांचे शिक्षण आणि खासगीचा कारभार इंग्रज पालकांच्या हाती राहणार होता.

हा काळ हिंदुस्थानभर अल्पवयीन राजांचा होता. बडोद्यात १८७५ साली सयाजीराव गायकवाड बारा वर्षांचे असताना दत्तक आले. कोल्हापुरातही राजा अज्ञान होता आणि कारभार इंग्रज अधिकारी पाहत होते. याच वर्षांत कोल्हापूरचा नवा राजवाडा (१८७७ ते १८८४) आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास उभे राहिले. दोन्हींचे आराखडे मेजर चार्ल्स मँटचे. मँटने घुमट, छत्र्या आणि कमानी घेऊन देशी वळणाची सरमिसळ केली. बेंगळुरूत मात्र देशी काहीच घेतले गेले नाही, वाडा सरळ इंग्लंडचा उचलला गेला. शिकवणारे इंग्रज, घर इंग्रजी, आणि त्यात वाढणारा राजा कसा असावा याची पालकांची कल्पनाही इंग्रजीच. या तीन वाड्यांमध्ये त्या काळच्या धोरणाचा चेहरा सर्वांत उघडपणे दिसतो तो बेंगळुरूच्या वाड्यात.

जागा मुळात रेव्हरंड जॉन गॅरेट यांची होती. गॅरेट हे वेस्लियन मिशनचे. बेंगळुरूतला मिशनचा छापखाना त्यांनी नावारूपाला आणला आणि संस्कृत, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतली भगवद्गीता १८४९ साली त्यांनी तिथून छापून काढली. १८५८ साली निघालेल्या सेंट्रल हायस्कूलचे ते पहिले मुख्याध्यापक. हीच शाळा पुढे सेंट्रल कॉलेज झाली. शहराबाहेर उत्तरेला त्यांची मोठी मालमत्ता होती. १८७३ साली चामराजेंद्रांच्या पालकांनी ती राजाच्या खासगीतून ४०,००० रुपयांना विकत घेतली. एप्रिल १८७४ मध्ये वाड्याचे काम सुरू झाले आणि १८७८ साली ते पुरे झाले. १८६२ हे सालही वाड्याच्या संदर्भात वारंवार लिहिले जाते, पण ते गॅरेट यांच्या काळाचे आहे. आजच्या भव्य रूपातला वाडा राजाच्या खरेदीनंतरचा.

बांधकामाची ही चार वर्षे म्हैसूर राज्याच्या इतिहासातली सर्वांत भीषण वर्षे ठरली. १८७५ नंतर लागोपाठ पाऊस चुकला आणि १८७६ ते १८७८ असा महादुष्काळ पडला. हाच दुष्काळ पुणे, सोलापूर, विजापूरकडे आणि मद्रास इलाख्यातही होता. १८७१ च्या जनगणनेत म्हैसूर राज्यात पन्नास लाखांहून जास्त माणसे होती, १८८१ मध्ये ती बेचाळीस लाखांच्या आसपास उरली. खेड्यापाड्यांतून निघालेले लोक बेंगळुरूच्या रस्त्यांवर आले. सरकारने अन्नछत्रे उघडली, दुष्काळी कामे काढली आणि बेंगळुरू ते म्हैसूर रेल्वेमार्गाचे काम याच निमित्ताने हाती घेतले. राज्याची शिल्लक संपून ८० लाखांचे कर्ज झाले. वाडा राजाच्या खासगीतून बांधला जात होता, दुष्काळाचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होत होता, म्हणजे हिशेब वेगळे होते. तरीही इंग्लंडहून रंगीत काचा आणि आरसे बोटीने येत होते ती वर्षे हीच, हे वाडा पाहताना विसरता येत नाही.

वाड्याच्या आत सुमारे ३५ खोल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक शयनगृहे. तळमजल्यावर एक उघडा चौक आहे. त्यात ग्रॅनाइटची बाके असून त्यांवर गडद निळ्या चिनी मातीच्या फरशा बसवल्या आहेत. बाहेरच्या राखाडी दगडी भिंतींनंतर हा निळा रंग एकदम डोळ्यात भरतो. तळमजल्यावरच नाचासाठीचे मोठे दालन आहे. युरोपीय पाहुण्यांच्या मेजवान्या तिथे होत. वर जायच्या जिन्याने पहिल्या मजल्यावरच्या दरबार दालनात पोहोचता येते आणि वाटेतच भिंतीवर हत्तीचे प्रचंड मस्तक लावलेले दिसते. दरबार दालनाच्या एका बाजूला गॉथिक घडणीच्या कमानदार खिडक्या आहेत, त्यांत रंगीत काचा. दुसऱ्या बाजूला पडदा होता; त्याआड बसून राजघराण्यातल्या स्त्रिया दरबार पाहत. इंग्रजी घडणीच्या या घरात देशी रिवाजासाठी केलेली ही सोय. भिंतींवर राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत आणि युरोपातून आणलेली जुनी चित्रेही. छताकडच्या कडांना फुलापानांचे कोरीव काम आहे. शिकारीच्या आठवणी जागोजाग दिसतात. हत्तीच्या पायांपासून केलेली आसने आजच्या पाहुण्याला पाहवत नाहीत, पण त्या काळी ती मानाची वस्तू होती.

वाड्याभोवतीची बाग आणि झाडी लावण्याचे काम जॉन कॅमरून यांच्याकडे होते. कॅमरून १८७४ साली बेंगळुरूच्या लालबागेचे अधीक्षक म्हणून आले आणि १९०८ पर्यंत तिथे राहिले. लालबागेतले काचघर त्यांच्याच कारकिर्दीतले. परदेशांतून झाडे आणून ती इथल्या हवेत रुजवून पाहायची, ही त्यांची कामाची रीत होती, आणि वाड्याच्या आवाराला त्यांच्या अनुभवाचा लाभ झाला. त्यांच्या जागी १९०८ साली गुस्ताव्ह क्रुंबिगेल आले, तेही बडोद्याहून, सयाजीरावांच्या बागांचे काम करून. बेंगळुरूचे रस्ते वर्षभर कुठल्या ना कुठल्या झाडाच्या बहराने भरलेले दिसतात, त्यात क्रुंबिगेल यांच्या आखणीचा वाटा फार मोठा आहे.

आवाराचे खूपसे क्षेत्र मात्र बागेचे नव्हते. काही भाग फळबागांचा, काही मोकळ्या माळाचा आणि झाडीचा. शाँबोरप्रमाणे इथे शिकारीचे राखीव रान कधी नव्हते. म्हैसूरच्या राजांची शिकारीची राने दक्षिणेला, निलगिरीच्या पायथ्याशी होती. त्यांतल्या बंदीपूरला १९३१ साली संस्थानाने वन्यजीवांसाठी उद्यान राखले आणि १९७३ साली ते देशातल्या पहिल्या व्याघ्रप्रकल्पांत आले. राजाची शिकार जिथे चाले ते रान त्यामुळे वाचले. बेंगळुरूच्या आवाराला असा उपयोग नव्हता, आणि त्याला कायमचे राखावे असे कोणाला वेळेवर सुचलेही नाही.

२५ मार्च १८८१ रोजी इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार चामराजेंद्रांना परत दिला. राजधानी म्हैसूर, पण सचिवालय बेंगळुरूतच राहिले. छावणीचा भाग इंग्रजांच्या ताब्यात होता, तो १९४७ पर्यंत तसाच राहिला. एकाच शहराचे दोन मालक असे, आणि राजाचे घर या दोन्ही भागांच्या उत्तरेला. दसऱ्याचा मोठा दरबार म्हैसूरला भरे. बेंगळुरूचा वाडा राज्यकारभारासाठीच्या मुक्कामांचा आणि इंग्रज पाहुण्यांच्या भेटींचा. चामराजेंद्र १८९४ साली कलकत्त्याला अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारले. त्यांच्यानंतर चौथे कृष्णराज, आणि १९४० पासून जयचामराजेंद्र, असे दोन राजे या वाड्याचे धनी झाले. संस्थानाने बेंगळुरूत जमिनी सढळ हाताने दिल्या. जमशेटजी टाटांनी योजलेल्या विज्ञान संस्थेला १९०७ साली ३७१ एकर मिळाले आणि त्यातून भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. ती जमीन संस्थेच्या झाडीसह आज शाबूत आहे. वाड्याची जमीन खासगीची होती, त्यामुळे तिची वाट वेगळी झाली.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि जयचामराजेंद्रांना वर्षाला २६ लाखांचा तनखा ठरला. १९७१ साली तनखे रद्द झाले, आणि एवढे मोठे आवार सांभाळायला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न उरला. त्याआधीच राजघराण्याच्या फळबागांच्या जागी वसाहत उठली होती. तिला स्वातंत्र्यसैनिक कर्नाड सदाशिवराव यांचे नाव मिळाले, पण सदाशिवनगरच्या जुन्या रहिवाशांच्या तोंडी ‘पॅलेस ऑर्चर्ड्स’ हे नाव अजून असते. १९७४ साली जयचामराजेंद्र वारले. त्यांचे पुत्र श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार आणि घराण्यातले इतर वारस यांच्यात हिस्से झाले. मोकळ्या मैदानांवर लग्नाचे मांडव, प्रदर्शने आणि सभा सुरू झाल्या. २००३ साली रोलिंग स्टोन्स आणि २०११ साली मेटॅलिका इथेच गायले. ‘पॅलेस ग्राउंड्स’ म्हटले की आजच्या बेंगळुरूकराला राजा आठवत नाही, लग्नाचे स्वागतसमारंभ आणि त्यांच्यामुळे तुंबणारा बळ्ळारी रस्ता आठवतो.

श्रीकंठदत्तांनी वाड्याची डागडुजी करून तो २००५ साली लोकांना पाहायला खुला केला. तिकीट काढून, ध्वनिमुद्रित माहिती ऐकत आत फिरता येते. छावणी रेल्वे स्थानकापासून वाडा अगदी जवळ आहे. आधी आत जाण्यापेक्षा बाहेरून एक फेरी मारावी. दर्शनी बाजूचे मनोरे एकसारखे नाहीत, उंची आणि जाडी जाणूनबुजून वेगळी ठेवली आहे. वास्तू एकदम न बांधता पिढ्यानपिढ्या वाढली असावी असा भास व्हावा, हे या शैलीचे कौशल्य आहे.

आवाराच्या मालकीवर राज्य सरकार आणि राजघराणे यांच्यात जुना वाद आहे. १९९६ साली कर्नाटक विधिमंडळाने वाडा आणि ४७२ एकर १६ गुंठे जमीन सरकारकडे घेण्याचा कायदा केला. मोबदला ११ कोटी रुपये. मोकळी जागा आणि ऐतिहासिक वास्तू जपणे हा त्यामागचा सांगितलेला हेतू. उच्च न्यायालयाने १९९७ साली कायदा ग्राह्य धरला, राजघराणे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे यथास्थितीचा आदेश झाला. जमीन ना पुरती सरकारची, ना वारसांची. २००८ साली देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि वाड्याच्या कडेचा बळ्ळारी रस्ता विमानतळाचा रस्ता बनला. तो आणि जयमहाल रस्ता रुंद करायला आवारातली पंधरा एकरांहून थोडी जास्त जमीन लागणार होती. तिच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकासहक्क द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले. त्यांची किंमत तीन हजार कोटींच्या घरात गेली. सबंध आवाराला ११ कोटी आणि कडेच्या पंधरा एकरांना तीन हजार कोटी! ही तफावत पाहून राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला, आणि त्यानंतर रस्त्यासाठी ही जमीन घ्यायची की नाही हे ठरवण्याची मुभा देणारा कायदाही केला. श्रीकंठदत्त डिसेंबर २०१३ मध्ये वारले तेव्हा मूळ अपील प्रलंबितच होते, आणि २०२५ मध्येही त्याचा अंतिम निकाल लागलेला नव्हता.